खतावणी गेली पडद्यावर, मार्गदर्शिका मात्र परभाषेत!

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. सीमेवरच्या आम्हा मराठी भाषिकांनीही त्या वेळी पेढे वाटले, आणि ते योग्यच झाले. परंतु वाचकहो, अभिजात म्हणून गौरविलेली ही भाषा बोलणारा आमचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या सोसायटीत, कृषी केंद्रात किंवा केळीच्या आडतीवर संगणकासमोर बसतो, तेव्हा त्या संगणकात हिशेब कसा लिहावा हे सांगणारे चार पानांचे मराठी चोपडे तरी त्याच्या हाताशी असते काय? नसते. असते ती हिंदीतली किंवा इंग्रजीतली जाडजूड पुस्तिका, तीही बहुधा कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, जशी आली तशीच.

भाषेचा प्रश्न म्हटला की आपल्याकडे पाट्या, शाळा आणि कचेऱ्या एवढ्याच गोष्टी डोळ्यांपुढे येतात. त्या महत्त्वाच्या आहेतच. परंतु गेल्या तीसएक वर्षांत गावचा सारा व्यवहार वहीतून उठून पडद्यावर गेला आणि त्या व्यवहाराबरोबर त्याची शब्दसंपत्तीही आपल्या हातून गेली, याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. लाल कापडाच्या बांधणीची खतावणी आमच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या दुकानांत आता दिवाळीच्या पूजेपुरती उरली. तिच्यावर हळदकुंकू वाहायचे आणि हिशेब मात्र संगणकात ठेवायचा, असा सध्याचा रिवाज आहे.

हा बदल कसा झाला ते थोडक्यात पाहू. श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे चिरंजीव भरत गोयंका यांनी १९८६ साली व्यापाऱ्याच्या हिशेबासाठी जे सॉफ्टवेअर सुरू केले, ते पुढे 'टॅली' ह्या नावाने घरोघर गेले. इतके की 'टॅली येते का?' हा नोकरीच्या मुलाखतीतला पहिला प्रश्न होऊन बसला. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि ज्यांनी तोवर संगणक टाळला होता त्यांनाही तो घ्यावा लागला. त्यानंतर पाळी आली सहकारी सोसायट्यांची. २९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. सर्व सोसायट्यांचे सॉफ्टवेअर एकच, परंतु ते स्थानिक भाषेत असेल आणि राज्याच्या गरजेप्रमाणे त्यात बदल करता येतील, असे त्या वेळी जाहीर करण्यात आले होते.

स्थानिक भाषा! शब्द किती गोड आहे! पण भाषा राज्याची धरायची की गावाची? तापीच्या काठाने खाली गेले की रावेर, मुक्ताईनगर. तिथल्या सोसायटीची स्थानिक भाषा मराठी. शहापूर, इच्छापूरकडे आले की राज्य बदलते आणि स्थानिक भाषा हिंदी होते. शेत एका वळणाचे, केळी एका जातीची, सोयरीक एकमेकांत, बांधावरचे बोलणेही एकच. फक्त पडद्यावरची अक्षरे बदलतात. १९५६ पूर्वी जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती, तेव्हा हिंदी आणि मराठी ह्या दोन्ही ह्या राज्याच्या राजभाषा होत्या, हे आज आमच्या विद्यार्थ्यांना सांगितले तर त्यांना खरे वाटत नाही.

आमचे हिंदीशी वैर नाही, हे येथेच स्पष्ट करतो. हिंदी आम्ही वर्गात शिकवली आहे, बाजारात बोलतो, आणि ती आम्हाला परकी वाटत नाही. अडचण तिच्या परकेपणाची नाहीच, ती वेगळीच आहे. हिंदी आणि मराठी ह्या सख्ख्या बहिणी असल्यामुळे त्यांचे शब्द दिसायला सारखे आणि अर्थाने निराळे. इंग्रजी शब्द कळला नाही तर माणूस थांबतो, कुणाला तरी विचारतो. हिंदी शब्द मात्र कळला असे वाटते, आणि घात होतो तो तिथेच.

उदाहरण देतो. एका गावच्या सोसायटीतली ही हकीकत आहे. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. एकाच नावाचे, आडनावाचे दोन शेतकरी. एकाने पीक कर्जाची रक्कम मुदतीच्या आत भरली, ती नोंद पडली दुसऱ्याच्या खात्यावर. हाताने लिहिलेल्या वहीतही असे घडे. तांबड्या शाईने खोडून, सही करून पाच मिनिटांत निस्तरले जाई. येथे कारकुनाने पडद्यावर पाहिले तर बटण होते 'संशोधन' नावाचे. कारकून मराठी शाळेत शिकलेला. त्याच्या लेखी संशोधन म्हणजे शास्त्रज्ञ करतात ते! हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. त्याने ते बटण काही आपल्या उपयोगाचे नाही असे समजून सोडून दिले आणि साहेब येतील तेव्हा विचारू म्हणून नोंद तशीच राहू दिली. साहेब आले ते मुदत उलटल्यावर.

मध्य प्रदेशात सोसायटीचे अल्पमुदतीचे पीक कर्ज वेळेवर फेडणाऱ्यास शून्य टक्के व्याजाची सवलत मिळत आली आहे. मुदत चुकली की सवलत गेली आणि माणूस थकबाकीदार ठरला. तो शेतकरी पावती हातात धरून खिडकीशी उभा होता. "भाऊ, पैसे तं मी भरेल आहेत, पावती ही पाहा," एवढेच तो पुनःपुन्हा म्हणत होता. पावती खरी, पैसे खरे, माणूस खरा. पडद्यावर मात्र तो थकबाकीदार! पुढे अर्जविनंत्या करून ते प्रकरण मिटले, पण खताचा हंगाम निघून गेला होता. ह्या साऱ्याच्या मुळाशी दोन भाषांमध्ये सापडलेला एक शब्द होता, आणि त्याचा अर्थ सांगणारी एक ओळ जर कारकुनाच्या टेबलावर असती तर पुढचे काहीच घडले नसते.

अशा शब्दांची यादी आम्ही करू लागलो तेव्हा ती वाढतच गेली. 'आपत्ति' म्हणजे हिंदीत हरकत, मराठीत संकट. 'राजीनामा' म्हणजे हिंदीत तडजोडीचा करार, आपल्याकडे नोकरी सोडल्याचा कागद. 'अवकाश' म्हणजे तिकडे रजा, इकडे सवड. 'शेष' म्हणजे शिल्लक, 'बकाया' म्हणजे थकबाकी, 'आहरण' म्हणजे रक्कम काढणे, 'छूट' म्हणजे सूट. तेरीज पत्रकाला हिंदीत 'तलपट' म्हणतात आणि ताळेबंदाला 'चिट्ठा'. आपल्याकडे कुणाचा कच्चा चिठ्ठा बाहेर काढणे म्हणजे काय, ते वाचकांस ठाऊक आहेच! पडद्यावर 'चिट्ठा देखें' असे आले की आमचा हिशेबनीस दचकतो, यात त्याचा काय दोष?

ही यादी हाती आल्यावर आमच्या मराठी भाषिकांच्या समितीत विचार झाला की निवेदने देणे तर चालूच आहे, ते चालूच राहील. परंतु तोवर आपण स्वतःच एक मराठी मार्गदर्शिका का तयार करू नये? समितीत आम्ही बहुतेक शिक्षक, एक निवृत्त बँक कर्मचारी, एक कृषी केंद्रवाले. पुस्तक लिहिणे म्हणजे शिक्षकाचा डाव्या हाताचा मळ, असे काहींना वाटले. प्रत्यक्षात सॉफ्टवेअरची मार्गदर्शिका ही पाठ्यपुस्तकाहून अगदी निराळी जात आहे, आणि हे काम कसे चालते याची माहिती सीमाभागातील इतर गावांनाही उपयोगी पडेल म्हणून ती येथे जरा विस्ताराने देतो.

आम्ही बी.एड.ला हर्बार्टची पंचपदी शिकलो. आधी प्रस्तावना, मग विषयाचे विवेचन, मग तुलना, मग नियम आणि सर्वांत शेवटी उपयोजन. चाळीस मिनिटांच्या तासाला ही शिडी उत्तम. परंतु संगणकासमोर बसलेल्या माणसाचे उपयोजनच आधी सुरू झालेले असते. खिडकीशी माणूस उभा आहे, त्याला पावती हवी आहे, आणि हिशेबनिसाला ती आत्ता काढायची आहे. 'सॉफ्टवेअरचा परिचय' हे पहिले प्रकरण तो का वाचील? आयबीएमच्या संशोधन केंद्रात काम करणारे जॉन कॅरोल यांनी अमेरिकेत नेमके हेच पाहिले होते. नव्याने संगणक शिकणारी माणसे पुस्तिका पानापानाने वाचत नाहीत, ती सरळ कामाला हात घालतात, चुकतात, आणि चुकल्यावरच पुस्तिकेकडे वळतात. त्यांचे 'द न्यूर्नबर्ग फनेल' हे पुस्तक १९९० साली निघाले. पुस्तिका थोडकी असावी, ती कामाभोवती रचावी आणि चूक ओळखून ती कशी निस्तरावी याला तिच्यात मानाची जागा द्यावी, असा त्यांच्या सांगण्याचा आशय. ह्या विषयावर पुढे आंतरराष्ट्रीय मानकही झाले, आयएसओ २६५१४ ह्या क्रमांकाचे. त्यातही वाचणारा कोण आणि त्याला करायचे काय, हे आधी ठरवा असाच आग्रह आहे.

तर वाचणारा कोण? आम्ही एका सोसायटीत आणि दोन दुकानांत तीन-तीन दिवस नुसते बसून राहिलो. वही घेऊन, न बोलता. कोण येते, काय विचारते, हिशेबनीस कोणते बटण दाबतो, कुठे अडतो, कुणाला फोन लावतो, एवढेच लिहीत गेलो. त्यातून दोन गोष्टी ध्यानात आल्या. एक म्हणजे, सॉफ्टवेअरमध्ये शेकडो सोयी असल्या तरी दिवसाचे काम आठ-नऊ गोष्टींतच फिरते. रक्कम जमा करणे, पावती काढणे, उधारी लिहिणे, खात्याचा उतारा देणे, माल आवक-जावक, दिवसाची रोकड जुळवणे, चुकलेली नोंद दुरुस्त करणे आणि महिन्याच्या अखेरीस वरच्या कचेरीला तक्ता पाठवणे. बाकीचे वर्षातून एकदा, तेही सीएच्या माणसासमोर.

दुसरी गोष्ट आम्हाला अधिक महत्त्वाची वाटली. आमची कल्पना होती की हिशेब लिहिणारा म्हणजे पुरुष, चाळिशीचा, वाणिज्य शाखेचा. प्रत्यक्षात दुकानांतून आणि बचत गटांतून संगणकावर बसलेल्या निम्म्याहून अधिक ह्या सुना होत्या. रावेर, यावल, जळगावकडच्या मुली लग्न होऊन इकडे येतात. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या, काही तर महाराष्ट्राच्या पाठ्यक्रमातले 'पुस्तपालन आणि लेखाकर्म' घेऊन उत्तीर्ण झालेल्या. जमा-नावे त्यांना तोंडपाठ, तेरीज जुळवता येते. अडते ते फक्त पडद्यावरच्या शब्दांपाशी. एक वहिनी आम्हाला म्हणाल्या, "गुरुजी, हिशेब मला येतो हो. ह्या पेटीला माझा हिशेब कळत नाही." ज्या बाईला विषय येतो तिला विषय शिकवण्याचे कारण नाही, तिला फक्त वाटाड्या हवा. मार्गदर्शिकेतून आम्ही लेखाशास्त्राची सारी ओळख काढून टाकली ती ह्याचमुळे, आणि चाळीस पाने वाचली.

प्रकरणांची नावेही मग खिडकीपलीकडच्या माणसाच्या बोलण्यातून घेतली. मूळ पुस्तिकांची रचना सॉफ्टवेअरच्या रचनेप्रमाणे असते. हा मेनू, मग तो मेनू. आमच्या पुस्तिकेत प्रकरणाचे नाव आहे 'माझ्याकडे किती निघतात?', दुसऱ्याचे 'पावती चुकली', तिसऱ्याचे 'कालची रोकड जुळत नाही'. शीर्षके जरा गावंढळ झाली असे समितीतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे मत पडले. पडो! सूचीत बोट फिरवताना माणूस जे मनात म्हणतो तेच छापलेले असले तर पान लवकर सापडते.

खरी वादावादी झाली ती शब्दांवरून. एक पक्ष म्हणाला, मार्गदर्शिका मराठी आहे तर प्रत्येक शब्द मराठी हवा. व्हाउचरला प्रमाणक, पासवर्डला परवलीचा शब्द, कीला कळ. दुसरा पक्ष म्हणाला, पडद्यावर जे दिसते तेच छापा, नाहीतर माणूस 'प्रमाणक' शोधत बसेल आणि पडद्यावर ते कुठेच नसेल. दोन्ही बाजूंत तथ्य होते. आम्ही ठरवलेला नियम असा: पडद्यावरचा शब्द, मग तो हिंदी असो की इंग्रजी, चौकटीत जसाच्या तसा छापायचा, कारण तो डोळ्यांनी शोधायचा आहे, आणि त्याला लागून त्याचा मराठी अर्थ, कारण तो डोक्याने समजायचा आहे. उदाहरणार्थ, चौकटीत 'संशोधन' आणि पुढे 'म्हणजे नोंद दुरुस्त करणे'. चौकटीत 'निरस्त' आणि पुढे 'नोंद रद्द करणे. हिला पुन्हा परत आणता येत नाही'.

मराठी शब्द मात्र कोणता घ्यायचा? भाषा संचालनालय १९६० साली स्थापन झाल्यापासून महाराष्ट्रात परिभाषेचे पुष्कळ काम झाले आहे आणि वाणिज्य विषयाचा परिभाषा कोशही आहे. त्याचा आम्ही आधार घेतला. पण कोशात आहे म्हणून घेतला असे केले नाही. येथे शिवकालाची आठवण होते. महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. राज्याभिषेकाच्या सुमारास मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनीसाचा सचिव झाला. स्वभाषेच्या अभिमानाचा तो थोर दाखला आहे, त्याबद्दल दुमत नाही. परंतु हिशेबाच्या खोलीत काय झाले पाहा. हिशेब, जमा, बाकी, वसूल, रोजकीर्द, तेरीज हे सारे शब्द फारसी-अरबी वळणाचे, आणि साडेतीनशे वर्षांनंतरही ते ठणठणीत आहेत. मुजुमदार आणि चिटणीस ही तर आडनावे होऊन आपल्या शेजारी राहतात! राजाला पदांची नावे बदलता आली. वहीतले शब्द ज्याच्या हाती लेखणी होती त्याच्या जिभेवर टिकले. तेव्हा आमच्या मार्गदर्शिकेत रोजकीर्द आहे, खतावणी आहे, तेरीज आणि ताळेबंद आहे. आणि व्हाउचर हे व्हाउचरच आहे, कारण गावात दुसरे काही कुणी म्हणत नाही.

ह्या वादाचा खरा निकाल लागला तो चाचणीत. शिक्षकाला हा भाग सर्वांत जड जातो म्हणून मुद्दाम सांगतो. कच्चा खर्डा तयार झाला की तो वाचणाऱ्याच्या हाती द्यायचा, एक काम सांगायचे आणि आपण गप्प बसायचे. सुचवायचे नाही, बोट दाखवायचे नाही, 'अहो, ते वर लिहिले आहे ना' असे तर मुळीच म्हणायचे नाही. वर लिहिलेले दिसले नाही, तर ते योग्य जागी लिहिलेले नाही असे धरायचे. तीस-तीस वर्षे ज्यांनी वर्गात बोलून पोट भरले त्यांना दहा मिनिटे तोंड मिटून बसणे काय असते, ते शिक्षक वाचकांनीच ओळखावे.

'कळ दाबा' हे कोशातले शुद्ध रूप एका खर्ड्यात होते. एक आजीबाई नातवाबरोबर सहज आल्या होत्या, त्यांनी ते ऐकून विचारले, "कुठं कळ येती रे बाबा?" सगळे हसले आणि कळ गेली, 'बटण' आले. 'निवडा' ह्या शब्दाचेही असेच. 'खाते निवडा' असे वाचल्यावर एका ताईंनी सांगितले की आम्ही डाळ-तांदूळ निवडतो, खातं तर घेतो. तेव्हा 'खात्याच्या नावावर जाऊन एंटर दाबा' असे लिहिले. जागा जास्त लागली, पण पुन्हा कुणी विचारले नाही. प्रत्येक पायरीनंतर 'आता पडद्यावर असे दिसेल' ही ओळ घालायची हेही चाचणीनेच ठरले. पायरी बरोबर झाली की नाही हे कळेपर्यंत माणसाचा हात पुढे जात नाही.

आणि 'चुकले तर' हे पान! ते प्रत्येक कामाच्या समोरच्या पानावर आहे, शेवटी परिशिष्टात नाही. चुकीचा संदेश पडद्यावर ज्या शब्दांत येतो त्याच शब्दांत छापला आहे, त्याचा अर्थ दिला आहे, आणि घाबरण्याचे कारण आहे की नाही हेही स्पष्ट सांगितले आहे. एक सावधगिरी मात्र मुद्दाम ठळक अक्षरांत घातली. नोंद दुरुस्त केली म्हणजे जुनी नोंद नाहीशी झाली असे समजू नये. कंपन्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाचा माग ठेवणारेच हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक आहे. कुणी, केव्हा, काय बदलले ते राहते. प्रामाणिक हिशेबनिसाला ह्याचा आधारच आहे. दुसऱ्याने आपला पासवर्ड वापरून केलेली नोंद आपल्या नावावर पडते, म्हणून पासवर्ड कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवू नये, एवढे कळले तरी पुष्कळ.

आता छपाई. मजकूर तयार, चित्रे तयार, आणि बुऱ्हाणपुरात मराठी जुळवणी करायची म्हटल्यावर निराळेच संकट. एका ठिकाणाहून पहिली मुद्रिते आली त्यात 'दुसऱ्या'चे 'दुसर्या' आणि 'बुऱ्हाणपूर'चे 'बुर्हाणपूर' झालेले! हिंदी जुळवणीच्या जुन्या फाँटवर बसलेल्या हाताला मराठीचा आडवा र माहीतच नव्हता. आमच्या गावाचे नाव आमच्याच गावात छापता येऊ नये, याहून सीमाभागाची कहाणी ती काय सांगायची? 'ॲ' ह्या अक्षराचेही तसेच. युनिकोडच्या देवनागरीत ते स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ साली आले. जुन्या फाँटांत ते जोडजोड करून बसवावे लागे. अखेरीस सारा मजकूर युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट पद्धतीने आमच्यापैकीच दोघांनी टंकलिखित केला. इनस्क्रिप्ट कळफलक १९९१ च्या भारतीय मानकात आहे, तो शिकायला पंधरवडा पुरतो, आणि त्यात आडवा र मिळतो. युनिकोडचा आणखी लाभ असा की हा मजकूर उद्या मोबाईलवर पाठवता येतो, त्यात शब्द शोधता येतो.

पुस्तक शिवून बांधायचे नाही, असे आम्ही आरंभीच ठरवले होते. सॉफ्टवेअर बदलते, नियम बदलतात, आणि छापील पुस्तिका त्या दिवसापासून खोटे बोलू लागते. जीएसटीचेच पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जाऊन मुख्य दर ५ आणि १८ असे दोनच राहिले, काही चैनीच्या वस्तूंना ४०. ज्यांच्या पुस्तिकांत दर छापले होते त्यांच्या पुस्तिका एका रात्रीत शिळ्या झाल्या. म्हणून आमच्या मार्गदर्शिकेच्या अंगात दर कुठेच नाहीत. दर कुठे पाहावा आणि संगणकात तो कुठे बदलावा तेवढेच आहे. दरांचा कागद सुटा, एका पानाचा. पुस्तिकेची पानेही तारेच्या कडीत ओवलेली, प्रत्येक पानाच्या तळाशी त्या पानाची तारीख आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती छापलेली. पान बदलले की जुने काढायचे, नवे ओवायचे. कडीला दोरी बांधून पुस्तिका खिळ्याला टांगता येते, पंचांगासारखी. कपाटात गेलेली पुस्तिका कुणी उघडत नाही, भिंतीवरची उघडते.

काहींनी विचारले, टॅलीसारख्या सॉफ्टवेअरचा पडदाच मराठी करण्याची सोय आहे, मग हा खटाटोप कशाला? सोय आहे, खरे आहे, आणि ज्यांचा व्यवहार घरच्या घरी आहे त्यांनी ती अवश्य वापरावी. पण शहरातला सीए इंग्रजी पडद्यावर सरावलेला, दुरुस्तीला येणारा मुलगा हिंदीत बोलणारा. फोनवरून 'अमुक बटण दाबा' असे तो सांगतो तेव्हा दोघांच्या पडद्यांवर एकच शब्द असावा लागतो. म्हणून पडदा आहे तसा ठेवून हातात मराठी देणे हाच आजचा व्यवहार्य मार्ग, असे आमचे मत आहे. सोसायटीच्या सॉफ्टवेअरची गोष्ट वेगळी. ते सरकारी योजनेतले, आणि तिथे मागणी करण्याचा आपला हक्क आहे.

हा हक्क कुणी नव्याने द्यायचा नाही. राज्य पुनर्रचनेच्या वेळी, १९५६ साली, केंद्र सरकारने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाबाबत निवेदन काढले. ज्या जिल्ह्यात, किंवा तहसील-नगरपालिकेसारख्या लहान क्षेत्रात, एखाद्या अल्पसंख्य भाषेचे लोक १५ ते २० टक्के असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्या भाषेतही प्रसिद्ध करणे इष्ट, असे त्यात म्हटले आहे. त्या काळी सूचना म्हणजे चावडीवर चिकटवलेला कागद. आज शेतकऱ्याचे कर्ज, व्याज आणि थकबाकी ज्या पडद्यावर ठरते, त्या पडद्याची मार्गदर्शिका ही सूचना नव्हे तर काय? घटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे कोणत्याही नागरिकाला गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत करता येतो. अर्ज मराठीतूनच करावा. जनगणनेचे भाषावार तक्ते तहसीलनिहाय निघतात, ते सोबत जोडावेत. नुसत्या भावनेच्या अर्जाला उत्तर येत नाही. आकडा आणि कलम लिहिले की निदान नोंदवहीत क्रमांक पडतो. आणि सोबत तयार मराठी मार्गदर्शिकेची प्रत जोडली तर 'भाषांतर कोण करणार?' ही सबब उरत नाही.

सध्या दुकानांची मार्गदर्शिका खिळ्यांवर टांगली गेली आहे, सोसायटीच्या मार्गदर्शिकेची दुसरी चाचणी चालू आहे. पुढचे काम पॉवरलूमच्या मजुरीच्या हिशेबाचे. तिथे सूत येते एकाचे, माग दुसऱ्याचे, कापड जाते तिसऱ्याकडे, आणि बोलणे उर्दू-हिंदी-मराठीचे मिश्रण. त्या प्रकरणातला एक शब्द अजून अडला आहे. मालासोबत जाणाऱ्या कागदाला कुणी चलान म्हणते, कुणी बिल्टी, कुणी नुसती चिठ्ठी. शहापूर, इच्छापूर, दापोरा आणि खकनारकडच्या हिशेबनीस बंधुभगिनींनी आपल्याकडे कोणता शब्द चालतो ते समितीच्या सभासदांस बाजारच्या दिवशी सांगावे, आणि जमल्यास तो कागदही दाखवावा.